पट्ट्यातली पुडी

जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमालेत एका पोलीस अधिकाऱ्याचे नाव दोन खंडांत भेटते. नाशिकच्या १८८३ च्या खंडात तो भागोजी नाईकांच्या मागावर आहे. धारवाडच्या १८८४ च्या खंडात तो नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना पकडतो. हाच माणूस १८७५ च्या बडोदा आयोगाच्या छापील साक्षींत तिसऱ्यांदा समोर येतो, आणि तिथे त्याच्या हाताखालच्या माणसांना एक लंडनचा बॅरिस्टर उलटे प्रश्न विचारत असतो. फ्रँक हेन्री साउटर. डिसेंबर १८६४ मध्ये तो मुंबई शहराचा पोलीस आयुक्त झाला. या हुद्द्याचा हा पहिलाच माणूस, आणि पुढे चोवीस वर्षे दुसरा कोणी त्या खुर्चीत बसला नाही.

साउटरबद्दलची माहिती बहुतेक सगळी त्याच्याच बाजूच्या लोकांनी लिहिलेली आहे. गॅझेटिअरे सरकारी. मुंबई पोलिसांचा १९२३ साली प्रसिद्ध झालेला इतिहास एस. एम. एडवर्ड्‌सचा, म्हणजे १९०९ ते १९१६ या काळात त्याच खुर्चीत बसलेल्या वारसाचा. वारसाने पूर्वजाबद्दल लिहिताना हात आखडता घेतलेला नाही. म्हणून बडोद्याचे कागद मोलाचे. साउटरच्या कारकिर्दीत प्रतिपक्षाचा प्रश्न आणि त्यावरचे उत्तर शेजारी शेजारी छापलेले असे तिथे सापडते.

त्याचा बाप कॅप्टन थॉमस साउटर ४४ व्या पायदळ पलटणीत होता. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेणारी इंग्रज फौज गंडमकच्या टेकडीवर कापली गेली, तेव्हा या कॅप्टनने पलटणीचे निशाण अंगाभोवती गुंडाळले होते. त्या भरजरी कापडामुळे अफगाणांना हा कोणी बडा सरदार वाटला, खंडणीच्या आशेने त्यांनी त्याला जिवंत ठेवले, असे त्याने स्वतःच पत्रात लिहिले आहे. त्या वेळी पोरगा जेमतेम दहा-अकरा वर्षांचा असेल. त्याचा जन्म १८३१ चा.

पुढची नोंद १८५० ची: निजामाच्या मुलखातल्या बंडखोरांविरुद्ध स्वयंसेवक म्हणून लढला. एवढेच एक वाक्य. वऱ्हाड तेव्हा निजामाकडेच होते. मेहकर, चिखली, मलकापूर हा आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा सगळा टापू त्यातच आला. आदल्याच वर्षी नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांचा एक तोतया रोहिले जमवून वऱ्हाडात उठला होता. या दोन नोंदी एकमेकींना जोडण्याचा मोह होतो, पण कागद एवढे बोलत नाही आणि आपणही बोलू नये. ज्या निजामी कंटिंजंट फौजेने तो उठाव मोडला तिचा पगार थकत गेला, आणि त्या थकबाकीपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. ते मुंबई इलाख्यात मात्र गेले नाही, हैदराबादच्या रेसिडेंटकडे राहिले. मुंबईचे पोलीस-इतिहासकार अजिंठ्याच्या डोंगरापाशी येऊन थांबतात त्याचे कारण हे. पलीकडचे दप्तर वेगळ्या कचेरीचे.

साउटर १८५४ साली धारवाडचा पोलीस सुपरिंटेंडेंट झाला. त्या काळी ‘पोलीस’ म्हटले की इंग्रजी राज्याला स्वतःच्याच खात्याची लाज वाटत होती. मद्रास इलाख्यात महसूल वसुलीसाठी आणि कबुलीजबाबासाठी होणाऱ्या छळाची चौकशी करायला एक आयोग नेमला गेला आणि १८५५ साली त्याचा अहवाल बाहेर आला. १८६१ च्या फौजदारी संहितेत मग कलमच आले, की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा धरायचा नाही. हे कलम पुढे लागणार आहे.

धारवाडच्या ईशान्येला नरगुंद हे भाव्यांचे छोटे संस्थान. भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे निपुत्रिक, दत्तकाची परवानगी कंपनी सरकारने नाकारलेली. संस्कृत ग्रंथांचा मोठा संग्रह बाळगणारा हा माणूस २९ मे १८५८ च्या रात्री सुरेबानला मुक्कामाला असलेल्या चार्ल्स मॅन्सन या पोलिटिकल एजंटावर चालून गेला. मॅन्सन मारला गेला, त्याचे शिर नरगुंदच्या वेशीवर टांगले गेले. तीन-चार दिवसांत कर्नल माल्कमची फौज आली, गावापुढच्या चकमकीत बाबासाहेबांचा पराभव झाला आणि किल्ला जवळजवळ रिकामाच हाती लागला. जंगलात निसटलेल्या बाबासाहेबांचा माग काढून त्यांना पकडले ते साउटरच्या पोलिसांनी. १२ जून रोजी बेळगावात त्यांना फाशी झाली. त्यांच्या आईने आणि पत्नीने मलप्रभेत देह टाकला. साउटरला या कामगिरीबद्दल मानाची तलवार मिळाली. मॅन्सनचा खून ते बेळगावची फाशी यांत अंतर दोन आठवड्यांचे. पकडण्यापासून मोजले तर दहाच दिवसांत सगळे उरकले.

भागोजी नाईकांना इतक्या लवकर गाठता आले नाही. हे भिल्ल नाईक पूर्वी नगरच्या पोलिसातच होते. १८५५ साली दंगा आणि पोलिसांना अडथळा या आरोपाखाली शिक्षा झाली, सुटल्यावर चांगल्या वागणुकीचा जामीन मागितला गेला, आणि १८५७ मध्ये ते घर सोडून नांदूर शिंगोट्याच्या डोंगरात गेले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नगरचा पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री त्यांना धरायला गेला आणि पहिल्या झटापटीतच ठार झाला. पुढची दोन वर्षे सिन्नर, अकोले, संगमनेर, कोपरगाव या पट्ट्यात पाठलाग चालू राहिला. डोंगर ओळखणारा माणूस डोंगर ओळखणाऱ्यानेच पकडावा या हिशेबाने कॅप्टन नटॉलने कोळ्यांची वेगळी पलटण उभी केली. हेन्रीच्या जागी आलेल्या साउटरने ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातल्या मिठसागरे इथे भागोजींना गाठले. त्या दिवशी भागोजी आणि त्यांचे बहुतेक साथीदार मारले गेले.

गॅझेटिअरातला हा मजकूर पाठलागाच्या रोजनाम्यासारखा वाचला जातो: अमुक दिवशी अमुक खिंड, इतके मेले, इतके निसटले. भागोजींची बाजू त्यात एकाच ठिकाणी डोकावते, ती जामिनाच्या उल्लेखात. खात्यातून गेलेल्या माणसाला त्याच खात्यापुढे चांगल्या वागणुकीची हमी देत बसावे लागले, हे वाक्य लिहिणाऱ्याने सहज लिहिले आहे. पण बंडाचे कारण त्या एका ओळीत आहे, पुढच्या पानांत नाही.

अशा दोन शिकारींच्या शिदोरीवर साउटर मुंबईत आला. आधीचा चार्ल्स फोर्जेट हा वेगळ्याच धातूचा माणूस होता. हिंदुस्थानात वाढलेला, मराठी आणि हिंदुस्थानीचा सरकारी भाषांतरकार राहिलेला, वेष पालटून वस्त्यांत फिरणारा. १८५७ च्या ऑक्टोबरात सोनापूरच्या एका घरातली शिपायांची खलबते त्याने भिंतीआडून ऐकली, आणि त्यावरून सय्यद हुसेन व मंगल गाडिया या दोघांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी दिले गेले. तारदेवला अजून फोर्जेट स्ट्रीट आहे. साउटरला वेष पालटता येत नव्हता, निदान तशी एकही नोंद नाही. त्याने ते काम दुसऱ्यांवर सोपवले.

१८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव गगनाला भिडला होता, शेअरांचा सट्टा भरात होता, आणि साउटर खुर्चीत स्थिरावतो न स्थिरावतो तोच १८६५ च्या उन्हाळ्यात सगळे कोसळले. १८७२ च्या खानेसुमारीत हीच वस्ती ६,४४,४०५ वर आली. एवढी माणसे येतात-जातात तेव्हा गुन्ह्याचा माग काढायला घोडा आणि तलवार उपयोगी नसते. गल्लीबोळांत ओळख असलेली माणसे लागतात. साउटरभोवती अशी माणसे जमली: खान बहादूर अकबर अली, अब्दुल अली, रावसाहेब तात्या लक्ष्मण. शिपाई बहुतेक कोकणातले, तुटपुंज्या पगारावर चाळींच्या खोल्यांत राहणारे. शोधाचे खरे काम अकबर अलींसारख्यांच्या हातात, अहवाल इंग्रजीत, आणि खाली सही साउटरची. अशी ती घडी होती. १८६८ साली साउटरला सी.एस.आय. हा किताब मिळाला.

शहराने त्याला पहिल्यांदा जाहीरपणे धारेवर धरले ते फेब्रुवारी १८७४ मध्ये. एका पारशी गृहस्थाने अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंगच्या पैगंबर-चरित्रावरून गुजराती पुस्तक काढले होते. त्यातल्या मजकुरावरून १३ फेब्रुवारीला दंगा उसळला, पारशी वस्त्या आणि अग्याऱ्यांवर हल्ले झाले, आणि शेवटी लष्कर बोलवावे लागले. पोलीस वेळेवर हलले नाहीत अशी पारशी पुढाऱ्यांची तक्रार विलायतेपर्यंत गेली. तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहतांनी पोलिसांच्या ढिलाईवर तोंडसुख घेतले. गव्हर्नर वूडहाउसने पारशांनाच स्वतःचे रक्षण करायला शिका असे सुनावले, आणि ते त्यांना जन्मभर झोंबले. साउटरच्या खुर्चीला मात्र धक्का लागला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने एका फार नाजूक कामासाठी त्यालाच बडोद्याला पाठवले.

बडोद्यात मल्हारराव गायकवाड आणि रेसिडेंट कर्नल फेअर यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य. फेअरने संस्थानच्या कारभारावर अहवालामागून अहवाल पाठवलेले. कारभार सुधारायला आलेले दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून दोघांच्या कात्रीत सापडलेले. २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवून या रेसिडेंटला हलवा अशी मागणी केली. ९ नोव्हेंबरच्या सकाळी फेअर फिरून आला, नेहमीप्रमाणे पपनसाच्या रसाचे सरबत त्याने घोट-दोन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून उरलेले टाकून दिले, आणि पेल्याच्या तळाशी त्याला काळपट गाळ दिसला. रेसिडेन्सीचा डॉक्टर सिवर्ड आणि मुंबईचे सरकारी रसायन-परीक्षक डॉ. ग्रे या दोघांनी तो तपासला. त्यात सोमल निघाला आणि हिऱ्याची पूड निघाली.

खलित्यानंतर आठवडाभरात विषप्रयोग. याचे दोन अर्थ लागतात, आणि ते दोन्ही त्या काळीच लावले गेले. एक, खलिता हा नुसता देखावा होता. दुसरा, ज्याने नुकतीच रीतसर तक्रार केली, आणि ती वरच्यांनी मनावर घेतल्याची चिन्हे दिसत होती, त्याने आपल्याच पायावर धोंडा का पाडून घ्यावा? फेअरला त्या महिन्याअखेर राजीनाम्याचा सल्ला खरोखरच मिळाला आणि त्याच्या जागी सर लुईस पेली आला.

साउटर आपल्या माणसांसह डिसेंबरात पोहोचला. तोवर सव्वा महिना उलटला होता आणि स्थानिक चौकशीतून काहीच निघाले नव्हते. साउटर आल्यावर काही दिवसांतच चित्र पालटले. रेसिडेन्सीच्या शिपायांचा हवालदार रावजी याला माफीचे वचन मिळाले आणि त्याने सांगायला सुरुवात केली: राजवाड्यात रात्री भेटी झाल्या, पैसे मिळाले, पुड्या मिळाल्या, त्या आपणच सरबतात टाकल्या. जमादार नरसूला माफी नाही असे बजावले होते, तरी त्यानेही कबुली दिली, आणि नंतर रेसिडेन्सीच्या आवारातल्या विहिरीत उडी घेतली. त्याला वर काढले. मल्हाररावांचा खासगी कारभारी दामोदरपंत गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात पंधरवडाभर राहिल्यावर बोलता झाला.

नाताळच्या दिवशी पट्टा निघाला. पुड्या कुठे ठेवायचास, असे अकबर अलींनी रावजीला विचारले. पट्ट्यात, तो म्हणाला. पहिल्या चौकशीनंतर रावजीचा पट्टा दुसऱ्या शिपायाच्या, बुधरच्या, अंगावर गेला होता. तो मागवला गेला. अकबर अलींनी चाचपला, शिवणीच्या आत काही लागले, आणि तिथेच थांबून त्यांनी साउटरला बोलावणे पाठवले. साउटरसमोर पुडी बाहेर काढली, आणि तिच्यात सोमल होता.

मल्हाररावांना जानेवारी १८७५ मध्ये अटक झाली. २३ फेब्रुवारीला आयोग बसला. त्यात बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड, फिलिप मेलव्हिल, आणि त्यांच्या बरोबरीने महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग, सर दिनकरराव राजवाडे. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल स्कोबल. मल्हाररावांतर्फे सार्जंट बॅलंटाइन हा बॅरिस्टर खास विलायतेहून आला, आणि त्याच्या साहाय्याला मुंबईचे नामांकित वकील शांताराम नारायण वगैरे मंडळी होती.

बॅलंटाइनने साउटरवर थेट आरोप केला नाही. साहेबाच्या सचोटीबद्दल शंका नाही, अशा थाटात तो त्याच्या माणसांकडे वळला. त्याचा मुद्दा साधा होता. ज्या क्षणी पुडी हाताला लागली त्या क्षणी साउटर खोलीत नव्हता. पोलिसांच्या ताब्यातला एक माफीचा साक्षीदार, मधले दीड महिने दुसऱ्याच्या कमरेला असलेला पट्टा, आणि तो चाचपणारा स्वतः पोलीस. साहेबाला बोलावून पुढचे दाखवणे ही सावधगिरी असू शकते. नेमकी हवी तेवढीच गोष्ट साहेबाच्या डोळ्यांसमोर घडवून आणणे, हेही असू शकते. कागदावरून या दोहोंत निवड करता येत नाही. पण चोवीस वर्षे ज्या घडीवर साउटरने मुंबईचा शोधविभाग चालवला, तिची शिवण कुठे आहे हे त्या एका प्रश्नाने दाखवून दिले: साहेब सही करतो ती त्याला दाखवलेल्या गोष्टीवर.

हिऱ्याच्या पुडीचे प्रकरण सरकार पक्षाला आणखी अवघड गेले. हेमचंद फतेचंद या जवाहिऱ्याने आधी पोलिसांपुढे राजवाड्याला हिरे दिल्याचे सांगितले होते. आयोगापुढे तो उलटला. आपला जबाब गजानन विठ्ठल या पोलीस अधिकाऱ्याने जबरदस्तीने घेतला, असे त्याने शपथेवर सांगितले. तो तेव्हा खोटे बोलत होता की आता, हे आयोगाने ठरवायचे होते.

इथे ते कलम आठवावे. १८६१ च्या संहितेतला नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात २५ वे कलम म्हणून आला. पोलिसापुढचा कबुलीजबाब शाबीत करता येत नाही. २६ व्या कलमाने पोलीस कोठडीतला कबुलीजबाबही, दंडाधिकाऱ्यासमोर नसेल तर, तसाच बाद. पण २७ व्या कलमाने एक दार उघडे ठेवले. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू हाती लागली, तर तिच्याशी निगडित तेवढे बोलणे ग्राह्य. आयोग हे काही न्यायालय नव्हते. रावजी आणि नरसू स्वतः येऊन साक्ष देत होते, त्यामुळे ही कलमे तिथे अडसर ठरली नाहीत. तरी पट्टा हे २७ व्या कलमाचे अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. तोंडी कबुलीवर विश्वास बसत नाही म्हणून वस्तू लागते, आणि वस्तू हाती येते ती ज्याच्यावर विश्वास बसत नाही त्याच्याच. कायद्याने या गाठीवर दीडशे वर्षांत फारसे नवे काही शोधलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तिन्ही कलमे २३ व्या कलमात एकत्र आली, आशय तोच. खोलीत पंच कोण होते, हा प्रश्न आजही बचावाचा वकील उलटतपासणीत सोडत नाही.

आयोग दुभंगला, आणि कुठल्या रेषेवर हे सगळ्यांना दिसले. तिघा इंग्रजांना मल्हाररावांविरुद्धचा आरोप सिद्ध झालासे वाटले. शिंदे, जयपूरकर आणि दिनकरराव यांना तसे वाटले नाही. हिंदुस्थान सरकारने मग विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना गादीवरून दूर करून मद्रासला पाठवले. मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ दत्तक घेतला गेला. तोच पुढचा सयाजीराव. बडोद्यातल्या एकूण उलथापालथीचा सर्वांत टिकाऊ परिणाम हाच झाला, आणि तो कोणीही आखलेला नव्हता.

ज्या तपासावर सरकारला शेवटी निकाल टेकवता आला नाही, तो करणाऱ्याला त्याच वर्षी ‘सर’ ही पदवी मिळाली. नोव्हेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला, आणि त्याने साउटरला नाइट केले. एडवर्ड्‌सच्या पुस्तकात हा मान कारकिर्दीच्या चढत्या कमानीचा कळस म्हणून येतो. तारखा लावून पाहिल्या तर एप्रिल आणि नोव्हेंबर यांच्यात सातच महिने आहेत.

त्यानंतरची तेरा वर्षे साउटर आयुक्त म्हणूनच राहिला. नरगुंद, मिठसागरे, बडोदा यांच्या तोडीचे पुढे काही घडले नाही. शहर वाढत गेले, १८८१ च्या खानेसुमारीत ७,७३,१९६ वर पोहोचले, आणि पोलिसांचे मनुष्यबळ व पगार ही रोजची रडगाथा झाली. मल्हारराव १८८२ साली मद्रासेत वारले. साउटर जुलै १८८८ मध्ये निलगिरीवर वारला आणि त्याच्या जागी कर्नल विल्सन आला. त्याच साली मुंबई महापालिकेचा नवा कायदा झाला. शहराच्या पोलिसांचा खर्च करदात्यांनी भरायचा की सरकारने, ही महापालिकेची तक्रार साउटरच्या काळापासूनची. ती मिटायला १९०७ चा पोलीस खर्चाचा स्वतंत्र कायदा यावा लागला.